मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधायची? परदेशी टीमबरोबर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मार्च महिन्यातला सोमवार. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. न्यू जर्सीच्या टीमबरोबरचा आमचा रोजचा कॉल साडेसातला असायचा. नोव्हेंबरपासून चार महिने तो साडेसातलाच होता आणि मोबाइलवर सव्वासातचा गजर लावलेला होता. सहा पस्तीसला फोन वाजला. "अरे, सगळे जॉइन झालेत. डेमो तुझा आहे ना?"

आदल्या दिवशी, रविवारी पहाटे, अमेरिकेने घड्याळं तासभर पुढे केली होती. मला त्याचा पत्ताच नव्हता. डेमो दुसऱ्या दिवशी झाला आणि त्याआधी बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

बेरीज-वजाबाकी मला तेव्हाही येत होती. चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. कॉल 'साडेसातला' आहे असं मी धरून चाललो होतो. खरं तर तो न्यू जर्सीच्या सकाळी नऊला होता. इकडे साडेसात वाजत होते ते फक्त त्या नऊमुळे. नव्याने असं काम सुरू केलेल्या कोणालाही मी म्हणूनच आधी हे विचारतो की तुझी मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधलेली आहे. तिथवर येऊच. आधी हिशेब.

पायरी १: आपला अर्धा तास ओळखून ठेवा

जगातल्या वेळा यूटीसी या सामायिक वेळेपासून मोजतात. हिवाळ्यात लंडनच्या घड्याळात जी वेळ असते, तीच ही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर धरलेली आहे. ते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच. म्हणून आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे.

जाता जाता एक गंमत. मुंबई जवळपास ७३ अंशांवर आहे आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात, त्यामुळे मुंबईचा सूर्य या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली ही ३९ मिनिटं मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे दोन घड्याळांचा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांनी घरबसल्या केलेला आहे.

या अर्ध्या तासाचा रोजचा उपयोग मोठा आहे. लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर, सिडनी, दुबई यांपैकी कुठलीही वेळ भारतीय वेळेत बदलल्यावर तिकडे पूर्ण तास असेल, तर इकडे 'साडे' आलंच पाहिजे. तिकडचे नऊ आणि इकडचे बरोबर सात असं उत्तर आलं, तर हिशेब पुन्हा करा. अपवाद मोजके आहेत. श्रीलंकेची वेळ आपल्याइतकीच आहे, नेपाळ पंधरा मिनिटं पुढे आहे आणि ऑस्ट्रेलियातलं अॅडलेड स्वतःच साडेनऊ तासांवर असल्यामुळे आपल्यापेक्षा चार किंवा पाच तास, पण पूर्ण तास पुढे असतं.

पायरी २: आपल्या गावांचे फरक पाठ करा

सगळ्या जगाचे पाठ करायची गरज नाही. ज्या दोन-तीन शहरांशी काम आहे तेवढे पुरेत. पहिला आकडा तिकडच्या हिवाळ्याचा, दुसरा उन्हाळ्याचा.

लंडन: आपल्या साडेपाच तास मागे / साडेचार तास मागे
जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स: साडेचार मागे / साडेतीन मागे
न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बॉस्टन, टोरांटो: साडेदहा मागे / साडेनऊ मागे
शिकागो, डॅलस: साडेअकरा मागे / साडेदहा मागे
कॅलिफोर्निया, सिअॅटल: साडेतेरा मागे / साडेबारा मागे
सिडनी, मेलबर्न: साडेचार पुढे / साडेपाच पुढे
दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, टोकियो साडेतीन तास पुढे. ही तिन्ही बारा महिने तशीच.

अमेरिकेसाठी साडेनऊ, साडेतेरा असले आकडे तोंडी मिळवत बसू नका. सकाळची रात्र करा आणि थोडं मागेपुढे सरका. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आधी रात्रीचे नऊ धरायचे. हिवाळ्यात त्यातून दीड तास वजा केला की साडेसात, उन्हाळ्यात अडीच तास वजा केले की साडेसहा. कॅलिफोर्नियाला वजाबाकी नाही, मिळवायचं: हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अर्धा. म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ. शिकागोला हिवाळ्यात अर्धा तास वजा, उन्हाळ्यात दीड. चार दिवस केलं की हे बोटांवर बसतं.

लंडनसाठी याहून सोपा उपाय मनगटावर आहे. काट्यांचं घड्याळ उलटं धरा, म्हणजे सहाचा आकडा वर, आणि ते सरळच आहे असं समजून काटे वाचा. भारतात सव्वातीन वाजले असतील तर पावणेदहा दिसतील. हीच लंडनची हिवाळ्यातली वेळ. उन्हाळ्यात तीत एक तास मिळवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास घड्याळ उलटसुलट करत बसलो होतो.

तारखेचं मात्र स्वतंत्र लक्ष ठेवा. अमेरिकेतल्या सकाळची आपली संध्याकाळ किंवा रात्र होते, तारीख साधारण तीच राहते. अमेरिकेतल्या दुपार-संध्याकाळची मात्र आपली दुसऱ्या दिवसाची पहाट किंवा सकाळ होते. नेमकी सीमा सांगायची तर न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात दुपारी दीड वाजता आणि उन्हाळ्यात अडीच वाजता आपल्याकडे तारीख बदलते. कॅलिफोर्नियात ती हिवाळ्यात सकाळी साडेदहालाच बदलते. त्यामुळे तिकडच्या माणसाने "शुक्रवारी चारला बोलू" म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर तुम्ही शनिवारी पहाटे बसणार आहात. उलट, आपल्या सोमवारी सकाळी साडेनऊला कॅलिफोर्नियात रविवारची रात्र असते. त्या वेळी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून रुसू नये.

पायरी ३: चार रविवार लिहून ठेवा

भारतात घड्याळ मागेपुढे करत नाहीत, म्हणून हा भाग आपल्याला कोणी शिकवत नाही. आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. २०२६ साली अमेरिकेसाठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, युरोपसाठी २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर.

या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, खरी मेख तिथे आहे. ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत अमेरिका उन्हाळ्यात गेलेली असते आणि लंडन अजून हिवाळ्यात असतं. एरवी लंडनचे दुपारचे दोन म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ. या तीन आठवड्यांत ते दहा होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही असाच घोळ असतो. तीन देशांचा ठरलेला कॉल असेल तर या दिवसांत कोणाचा तरी एक तास हमखास सरकतो. तो कोणाचा सरकणार हे आधी सांगितलेलं नसेल, तर दोघं जण रिकाम्या खोलीत गाणी ऐकत बसतात.

ऑस्ट्रेलिया उलट्या ऋतूत चालतो. सिडनीची घड्याळं ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिका आपल्यापासून एक तास लांब जाते आणि सिडनीही एक तास लांब जातं, पण दुसऱ्या दिशेला. त्यात ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे ते क्वीन्सलँड घड्याळ बदलतच नाही. अमेरिकेतलं अॅरिझोना राज्यही (तिथल्या नव्हाहो आदिवासींचा भाग सोडून) बदलत नाही. तिथल्या फीनिक्स शहराशी काम असेल तर बारा महिने साडेबारा तास, सुटलात.

पायरी ४: मीटिंग एका शहराला बांधा

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. रोजची किंवा दर आठवड्याची मीटिंग लावताना ती एकाच शहराच्या घड्याळाला बांधलेली असते. ती 'न्यूयॉर्कच्या नऊला' असेल तर इकडे वर्षातले आठ महिने साडेसहा आणि चार महिने साडेसात. ती 'पुण्याच्या साडेसहाला' असेल तर तिकडच्या लोकांना हिवाळ्यात सकाळी आठला यावं लागेल. यांतलं काय बरोबर हे कॅलेंडर ठरवू शकत नाही, ते माणसांनी बोलून ठरवायचं असतं. बहुतेक टीममध्ये हे कोणी बोलतच नाही. ज्याने इन्व्हाइट पाठवलं त्याचं घड्याळ आपोआप मालक होऊन बसतं.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारून टाका की नोव्हेंबरात ही मीटिंग कोणाकडे सरकणार. क्लायंटची असेल तर ती त्यांच्या शहराला बांधली जाईल, त्यात वाद नको. आपसातली असेल आणि चारांपैकी तिघं पुण्यात असतील, तर ती पुण्याला बांधायला हरकत काय?

हे ठरलं की कॅलेंडरला तसंच सांगा. गूगल कॅलेंडरमध्ये नवी नोंद करताना वेळेच्या शेजारीच टाइम झोनचा पर्याय असतो. तिथे न्यूयॉर्क निवडून सकाळचे नऊ भरा. तुमच्या स्क्रीनवर ते आपोआप साडेसहा किंवा साडेसात दिसतील आणि मार्च-नोव्हेंबरची काळजी कॅलेंडर घेईल. माझी चूक हीच होती. कॅलेंडर बरोबर दाखवत होतं आणि मी मात्र हाताने लावलेल्या गजरावर विसंबून होतो. परदेशी कॉलसाठी मोबाइलचा गजर लावू नका, कॅलेंडरची आठवण लावा.

यादीत शहराचं नाव निवडा, तीन अक्षरी लघुरूप नको. यादीत भारतासाठी बऱ्याच ठिकाणी फक्त 'एशिया/कोलकाता' दिसतं. मुंबई-पुणे शोधून दमू नका, सगळ्या भारताची वेळ एकच आहे. लघुरूपांचा ताप वेगळाच. आयएसटी म्हणजे आपली वेळ, आयर्लंडचीही आणि इस्रायलचीही. सीएसटी शिकागोची असते, तशी चीनची पण. ईएसटी ही न्यूयॉर्कची फक्त हिवाळ्यातली वेळ, उन्हाळ्यात ती ईडीटी होते. तरी जुलै महिन्यात "९ ईएसटी" असं बिनदिक्कत लिहिणारे अमेरिकी मी रोज बघतो. त्यांना न्यूयॉर्कचे नऊच म्हणायचे असतात. पण एखाद्या सरळमार्गी माणसाने ते शब्दशः घेतलं तर तासाची चूक झालीच. शंका आली की "न्यूयॉर्कचे नऊ ना?" एवढंच विचारावं.

त्याच कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये दुसरा टाइम झोन दाखवायची सोय असते. ती चालू केली की दिवसाच्या डाव्या कडेला दोन्ही गावांच्या वेळा शेजारीशेजारी दिसतात. तोंडी हिशेबाची पडताळणी करायला याहून सोपं काही नाही.

पायरी ५: सगळ्यांना सोसेल अशी वेळ शोधा

भारत आणि लंडन असेल तर प्रश्नच नाही. लंडनचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो. जेवण झालं की कॉल लावायला लागा, संध्याकाळपर्यंत चार-पाच तास हातात आहेत.

भारत, लंडन आणि न्यूयॉर्क एकत्र असतील तर दिवसातली एकच फट उरते: न्यूयॉर्कची सकाळ. उन्हाळ्यात पुणे १८:३०, लंडन १४:००, न्यूयॉर्क ०९:००. तिघांपैकी कोणाचीच झोप मोडत नाही. आपली संध्याकाळ जाते हे खरं आहे, पण नऊनंतर घरी जेवायला बसता येतं.

कॅलिफोर्नियाशी मात्र लोक सवयीने आपली रात्र देतात आणि तिथे मला वाईट वाटतं. तिकडचे सकाळचे नऊ धरले की आपले साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यापेक्षा आपली सकाळ देऊन बघा. भारतात सकाळी साडेसात, तर कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात, आणि हिवाळ्यात तर सहाच. डिसेंबर-जानेवारीत ही वेळ दोघांनाही रात्रीच्या कॉलपेक्षा बरी पडते. तिकडे संध्याकाळी मुलांना आणायला जायची घाई असते हे मात्र विचारून घ्या.

सिडनीवाल्यांचा दिवस आपल्या आधी संपतो. त्यांचे पाच म्हणजे आपले साडेबारा, त्यांच्या उन्हाळ्यात साडेअकरा. त्यांच्याशी जे बोलायचं ते सकाळच्या चहाबरोबर.

भारत, सिडनी आणि न्यूयॉर्क तिघंही हवे असतील तर चांगली वेळ नाहीच. सगळ्यांत कमी वाईट म्हणजे, जून-जुलैत, आपल्या सकाळी साडेसहाला: सिडनीत अकरा वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे नऊ. असा कॉल रोज कोणावरच लादू नये. महिन्यातून एकदा ठेवावा आणि दर वेळी त्रास वेगळ्याच्या वाट्याला जाईल अशी वेळ फिरवावी.

वार पण बघा. सौदी अरेबिया आणि इस्रायलमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारी असते, रविवारी कामाचा दिवस. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार धरले, पण सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंतच चालतात.

पायरी ६: निरोप असा लिहा

मराठी माणसाने इथे जरा जास्त जपावं, कारण आपली वेळ सांगायची पद्धत घरात गोड आहे आणि बाहेर घातक आहे. "मंगळवारी रात्री साडेबाराला" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात अजून मंगळवारच असतो. आपला वार उजाडल्यावर बदलतो. कॅलेंडरचा वार रात्री बाराला बदलतो आणि त्याच्या लेखी तो बुधवार आहे. 'परवा' हा शब्द तर मागचाही असतो आणि पुढचाही. 'उद्या' म्हणताना कोणाचा उद्या, तेही सांगावं लागतं.

मी निरोप असा लिहितो:

बुधवार, १५ एप्रिल २०२६. पुणे १८:३०, लंडन १४:००, न्यूयॉर्क ०९:००.

वार, तारीख, महिना अक्षरांत, वेळ चोवीस तासांच्या घड्याळात आणि प्रत्येक शहराचं नाव. महिना अक्षरांत लिहायचं कारण असं की ०४/०५ हे आपल्याला ४ मे वाटतं आणि अमेरिकेत ५ एप्रिल. कुठे तारीख बदलत असेल तर त्या शहरापुढे वारही लिहा: पुणे गुरुवार ०७:३०, सॅन फ्रान्सिस्को बुधवार १९:००. मुदत कळवताना 'रात्री बारापर्यंत' टाळा. '२३:५९ पर्यंत, लंडनची वेळ' असं लिहिलं की वाद उरत नाही. "शुक्रवार ईओडी" (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपेपर्यंत) असं कोणी लिहिलं तर ते कोणाच्या दिवसाचं टोक हे विचाराच. कॅलिफोर्नियाचं असेल तर तुमच्या हातात शुक्रवारची अख्खी रात्र आहे.

समोरच्याला फक्त "ओके ना?" विचारू नका. "तुमच्याकडे तेव्हा किती वाजले असतील?" असं विचारा. उत्तरात चुकीचा आकडा आला तर तिथेच कळतं.

घरच्या कॉलबद्दल थोडं

हेच सगळं बॉस्टनच्या मुलीला किंवा सिडनीच्या भाच्याला फोन लावताना लागतं, पण पूजेचा मुद्दा निराळा आहे. गुरुजी पुण्यातून व्हिडिओवर पूजा सांगणार असतील तर त्यांची वेळ वरच्या रीतीने बदलून घ्या. मुहूर्त मात्र तसा बदलू नका. तिथी सुरू होण्याचा क्षण जगभर एकच असतो, पण तिथला सूर्योदय किंवा माध्यान्ह कोणत्या तिथीत पडतो यावर सणाचा दिवस ठरतो. त्यामुळे अमेरिकेत गणेश चतुर्थी कधी कधी भारतापेक्षा एक तारीख आधी येते. संकष्टीचा चंद्रोदयही तिथल्या आकाशातला बघायचा. पुण्याच्या कॅलेंडरवरचा चंद्रोदय साडेदहा तास मागे नेऊन कोणी उपास सोडत असेल, तर चंद्र तेव्हा भलतीकडेच असतो. त्या गावासाठी केलेलं पंचांग वापरा.

बदलाच्या आधीचा शुक्रवार

त्या चार रविवारांच्या आदल्या शुक्रवारी पाच मिनिटं काढा. पुढच्या सोमवारचे सगळे कॉल कॅलेंडरात उघडून बघा, सरकलेली वेळ कोणाच्या दुसऱ्या मीटिंगवर चढत नाही ना ते तपासा आणि टीमला एका ओळीत कळवा: "सोमवारपासून आपला कॉल पुण्यात १९:३० ऐवजी १८:३०, न्यूयॉर्कमध्ये ०९:०० कायम." सिडनीशी काम असेल तर तिकडचे दोन रविवारही यादीत घाला.

माझ्या कॅलेंडरात या शुक्रवारी दर वर्षी एक नोंद उगवते: सोमवारचे कॉल बघ. मार्चच्या नोंदीत त्याखाली अजून एक ओळ आहे: कोथिंबीर रविवारीच आणून ठेव.